मोर्चात गेला म्हणून अमेरिकेतून हाकलतात का? आत्याच्या डायनिंग टेबलवरचे प्रश्न, जरा नीट लिहून

गेल्या रविवारी सकाळी आत्याकडे गेलो होतो, डहाणूकर कॉलनीत, पोह्यांवर लिंबू पिळायच्या आत तिने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. धाकट्या दिरांचा ओंकार बॉस्टनला एमएस करतोय, त्याने स्टेटसला फोटो टाकला होता, कॅम्पसवर कसलीशी निदर्शनं चाललीयेत आणि हा पुठ्ठ्याचा बोर्ड धरून उभा. "याला हाकलून देतील का रे?" आणि मी काही बोलायच्या आत, "समीर तर सिटिझन झालाय, त्याला तर नाही ना काढू शकत? आणि मेघनाचं ग्रीन कार्ड?" काका पेपरमागून म्हणाले, "तिला दोन रात्री झोप नाहीये, ग्रुपवर कुणीतरी काहीतरी फॉरवर्ड केलंय."

मी नऊ वर्षं तिकडे काढून परत आलोय, वकील नाही, पण तिकडचे फॉर्म इतके भरलेत की त्यातले नंबर अजून झोपेत आठवतात. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हेच प्रश्न महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच. ज्याच्यावर खरंच केस उभी आहे त्याने मात्र हे वाचत बसू नये, तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला फोन लावावा.

आत्याच्या एकाच घरात सगळे प्रकार आहेत. ओंकार स्टुडंट व्हिसावर, मेघना ग्रीन कार्डवर, समीर चार वर्षांपूर्वी शपथ घेऊन सिटिझन झालेला, आणि मेघनाची रिया तिथेच जन्मलेली, म्हणजे जन्मानेच सिटिझन. आता समजा चौघांनी एकाच मोर्चात एकच बोर्ड धरला, किंवा चौघांनी एकाच दुकानातून एकच लिपस्टिक पैसे न देता उचलली, तरी चौघांचं पुढे काय होईल ते वेगवेगळं आहे, आणि व्हॉट्सॲपवाले नेमकं हेच सांगत नाहीत.

आत्याला मी घराच्या भाषेत सांगितलं. ओंकार म्हणजे ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा. ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय तसं राहायचं, मुदत संपली की बॅग भरायची. मेघना म्हणजे पेठेतल्या वाड्यातला जुना भाडेकरू, वर्षानुवर्षं राहतोय, मालकाला उठसूट काढता येत नाही, पण कायद्यात कारणांची एक यादी आहे आणि त्यातलं एक जरी लागू झालं तर दावा लावून घर रिकामं करून घेता येतं. रियाचा स्वतःचा फ्लॅट, विषय संपला. समीरचाही स्वतःचाच फ्लॅट, पण त्याने तो खरेदीखत करून घेतलाय, आणि खरेदीखतात खोटी कागदपत्रं लावली होती असं सिद्ध झालं तर खरेदीच रद्द होते. आत्याचं माहेर नारायण पेठेतल्या वाड्यातलं, त्यामुळे तिला हे माझ्यापेक्षा लवकर कळलं.

याच उदाहरणात अजून एक गोष्ट आहे जी बहुतेकांना माहीतच नसते. भाडेकरूला काढणं ही कायद्याच्या दृष्टीने शिक्षा नसते, मालक आपली जागा परत घेतो एवढंच. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८९३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या तीन चिनी कामगारांच्या केसमध्ये हेच म्हटलं, डिपोर्टेशन, म्हणजे परक्याला देशाबाहेर काढणं, ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे. वाचायला साधं वाक्य आहे पण त्याचे परिणाम १३० वर्षं झाली तरी चाललेत. शिक्षा नाही म्हणून सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, सहा वर्षांच्या मुलालाही नाही. ज्युरी नाही. इमिग्रेशन जज हा खरा कोर्टातला जजच नसतो, तो न्याय खात्याचा नोकर असतो, म्हणजे तुम्हाला काढा म्हणणारंही सरकार आणि निकाल देणाराही सरकारचाच माणूस. आणि शिक्षा नाही म्हणून आज केलेला कायदा वीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याला लावता येतो. १९९६ मध्ये त्यांनी इमिग्रेशनचा कायदा खूप कडक केला तेव्हा हेच झालं, ज्यांनी कधीच्या काळी छोटी शिक्षा भोगून संसार उभे केले होते ते अचानक यादीत आले.

आता गुन्ह्यांचं बघू, कारण खरं सांगायचं तर मोर्चापेक्षा हीच बाजू आपल्या पोरांना जास्त महागात पडते.

ग्रीन कार्डवाल्याला काढायच्या कारणांमध्ये एक शब्द आहे जो आपल्याकडच्या सरकारी नोकरीवाल्यांना लगेच ओळखीचा वाटेल, नैतिक अधःपतन. व्याख्या कुठेच नीट दिलेली नाही, कोर्टांनी केस टू केस ठरवलंय. फसवणूक यात येते, चोरी येते. आणि चोरी म्हणजे दरोडा नव्हे, मॉलमधून वस्तू उचलणं हीसुद्धा चोरीच. अमेरिकेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक गुन्हा केला आणि त्याला कायद्यात एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल, तर काढता येतं. होऊ शकत असेल, झाली असेल नाही. तुम्हाला पन्नास डॉलर दंड करून सोडलं असेल तरी कायद्याच्या पुस्तकात कमाल शिक्षा एक वर्ष लिहिलीये ना, बस. आणि असे दोन वेगवेगळे गुन्हे असतील तर पाच वर्षांची अटही गेली, तीस वर्षं राहात असाल तरी काढता येतं.

याच्यावर काही राज्यांनी काय शक्कल काढली बघा. वॉशिंग्टनने २०११ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये छोट्या गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६५ दिवसांवरून ३६४ दिवस केली. एक दिवस कमी. एवढ्या एका दिवसाने किती घरं वाचली असतील. काका म्हणाले हे म्हणजे आपलं ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, बारावा महिना लागला की भाडेकरू डोक्यावर बसेल म्हणून अकराच. अगदी तेच.

दुसरा शब्द ॲग्रॅव्हेटेड फेलनी, म्हणजे शब्दशः जास्तच गंभीर गुन्हा. ऐकून वाटतं खून बिन. १९८८ मध्ये आणला तेव्हा खरंच खून, ड्रग्जचा धंदा आणि शस्त्रांचा धंदा एवढंच होतं, मग दर दोन-चार वर्षांनी भर पडत गेली. आज चोरीच्या केसमध्ये एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि ती पूर्ण सस्पेंड केली, म्हणजे माणूस एक रात्रही आत गेला नाही, तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने तो ॲग्रॅव्हेटेड फेलन, आणि मग बायको अमेरिकन, पोरं अमेरिकन, काही बघायची बहुतेक मुभाच जजला राहात नाही.

आणि रेकॉर्ड क्लीन करून घेतलं म्हणणारे. क्रिमिनल कोर्टातला जज म्हणतो, सहा महिने नीट वाग, हा क्लास कर, केस काढून टाकतो. माणूस खूश. पण तिथे गुन्हा कबूल केलेला असेल आणि जजने काही ना काही बंधन घातलेलं असेल तर इमिग्रेशन कायद्याची कन्व्हिक्शनची, म्हणजे दोषी ठरण्याची, स्वतःची व्याख्या आहे आणि त्यात ते कन्व्हिक्शनच. म्हणून तिकडे एक केस फार महत्त्वाची आहे, २०१० ची. व्हिएतनाम युद्धात लढलेला, चाळीसहून जास्त वर्षं ग्रीन कार्डवर राहिलेला ट्रक ड्रायव्हर, ट्रकमध्ये गांजा सापडला, वकील म्हणाला, इतकी वर्षं राहतोयस, डिपोर्टेशनची काळजी नको, कबूल करून टाक. याने केलं, आणि काढायची नोटीस आली. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, गुन्हा कबूल केल्यावर देशाबाहेर जावं लागू शकतं हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे. तेव्हापासून क्रिमिनल वकिलांना हे विचारावं लागतं. तरी तुम्ही स्वतःहून सांगा की मी सिटिझन नाहीये.

गांजाचा विषय निघालाच आहे तर. न्यू जर्सीत, मॅसॅच्युसेट्समध्ये, कॅलिफोर्नियात दुकानात बिल देऊन मिळतो, राज्याच्या कायद्याने चालतं. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने चालत नाही, आणि इमिग्रेशन फेडरल आहे. ग्रीन कार्डवाल्याला स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत बाळगल्याच्या एकाच गुन्ह्याची सूट आहे, पण एअरपोर्टवर ऑफिसरने सहज गप्पा मारल्यासारखं विचारलं आणि तुम्ही मोकळेपणाने हो घेतलाय एकदोनदा म्हणालात, तर कन्व्हिक्शन नसतानाही अडकू शकता. घरात राहणाऱ्याला काढायचे नियम वेगळे आणि बाहेर जाऊन परत दारात उभा राहिलेल्याला आत घ्यायचे वेगळे, हे लक्षात ठेवा. मेघनाच्या ओळखीतले एक जण जुनी केस असताना वडिलांच्या तेराव्याला पुण्याला यावं की नाही म्हणून वकिलाला विचारत बसले होते. शेवटी आले नाहीत.

ओंकारसारख्यांचं तर अजून नाजूक. त्याला काढायला कन्व्हिक्शनसुद्धा लागत नाही. पासपोर्टवरचा व्हिसा हा गेटवरच्या वॉचमनला दाखवायचा पास, आणि आत राहायची परवानगी वेगळी, ती सेविस नावाच्या सरकारी सिस्टिममध्ये असते, जिथे कॉलेज विद्यार्थ्यांची नोंद ठेवतं. व्हिसा रद्द करायला पुरावा फारसा लागत नाही, २०१५ पासून दारू पिऊन गाडी चालवताना नुसतं पकडलं, अजून काही सिद्ध झालेलं नाही, तरी व्हिसा रद्द करतात. एकट्या व्हिसा रद्द होण्याने आत राहणं बेकायदा होत नाही असं वर्षानुवर्षं मानलं जायचं, बाहेर गेलात तर परत येता येणार नाही एवढंच. मग २०२५ मध्ये सरकारने सुमारे १३ लाख विद्यार्थ्यांची नावं पोलीस डेटाबेसमधून फिरवली, साधारण ६,४०० नावांना काहीतरी मॅच सापडला, आणि एप्रिलमध्ये हजारो पोरांची सेविस रेकॉर्ड एका फटक्यात बंद केली. त्यात स्पीडिंगचं तिकीट असलेले होते, केस कधीच डिसमिस झालेले होते. पोरं देशभर कोर्टात गेली, जजांनी सरकारला झापलं, आणि महिना संपायच्या आत रेकॉर्ड परत चालू करावी लागली. आपली बरीच मुलं होती त्यात. कोथरूडमध्येच एका घरी त्या तीन आठवड्यांत आई रोज पहाटे चारला उठून पोराला फोन करून विचारायची, आज सिस्टिममध्ये काय दिसतंय. पुण्याची पहाट, बॉस्टनची आदली संध्याकाळ.

त्याच वर्षी जुलैमध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने जाहीरच सांगितलं की मारहाण, चोरी, घरफोडी केलीत तर व्हिसा जाऊ शकतो आणि पुढेही नाकारला जाऊ शकतो. इलिनॉयच्या एका दुकानातल्या चोरीचा व्हिडिओ आपल्याकडे फिरला होता त्याच दिवसांत. लोक हसले, मी नाही हसलो, कारण सेल्फ चेकआउटला दोन वस्तू स्कॅन न करणं ही गंमत वाटणारी दोन पोरं माझ्याच रूमवर राहायची.

बरं, मोर्चा.

अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती भाषणस्वातंत्र्य देताना सिटिझन हा शब्द वापरतच नाही. १९४५ मध्ये हॅरी ब्रिजेस नावाचा ऑस्ट्रेलियातून आलेला गोदी कामगारांचा पुढारी होता, सरकार त्याला कम्युनिस्ट म्हणून काढायला वर्षानुवर्षं मागे लागलेलं, सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल देताना स्पष्ट म्हटलं की देशात राहणाऱ्या परक्यांनाही भाषणाचं आणि छापण्याचं स्वातंत्र्य आहे. छान. मग सातच वर्षांनी, १९५२ मध्ये, त्याच कोर्टाने जुन्या कम्युनिस्ट सभासदांना काढायला परवानगी दिली, ज्यांनी पार्टी कधीच सोडली होती त्यांनासुद्धा. म्हणजे बोलायचा हक्क आहे पण राहायचा हक्क आहे की नाही हे धूसर, आणि ते आजपर्यंत धूसरच ठेवलंय. त्याच्याही आधी १९१९ मध्ये एमा गोल्डमन या अराजकतावादी बाईसकट २४९ लोकांना ब्युफर्ड नावाच्या बोटीत घालून रशियाकडे रवाना केलं होतं, बहुतेकांचा गुन्हा म्हणजे त्यांचे विचार.

१९५२ च्याच इमिग्रेशन कायद्याच्या चौकटीत नंतर एक कलम बसलं, परराष्ट्रमंत्र्याला वाटलं की अमुक माणूस इथे राहिल्याने परराष्ट्र धोरणाला गंभीर बाधा येते तर त्याला काढता येतं. हे कलम इतकं कमी वापरलं गेलं की लोक विसरून गेले होते. १९९५ मध्ये मेक्सिकोच्या एका माजी सरकारी वकिलावर वापरलं तेव्हा पुढच्याच वर्षी न्यू जर्सीच्या एका फेडरल जजने ते घटनाबाह्य ठरवलं होतं, मनमानी आहे म्हणून. त्या जजचं नाव मेरीॲन ट्रम्प बॅरी, हो, ट्रम्पची सख्खी मोठी बहीण. वरच्या कोर्टाने तिचा निकाल फिरवला, पण कलम बरोबर की चूक यावर नाही, आधी इमिग्रेशन कोर्टात जाऊन या मग इकडे या, एवढ्याच मुद्द्यावर. त्यामुळे मूळ प्रश्न तीस वर्षं तसाच लोंबकळत राहिला.

आणि मग मार्च २०२५. महमूद खलील, कोलंबिया विद्यापीठातल्या पॅलेस्टाइन आंदोलनातला पुढे असलेला चेहरा, ग्रीन कार्डधारक, बायको अमेरिकन सिटिझन आणि आठ महिन्यांची गरोदर. ८ मार्चला न्यूयॉर्कमधल्या घराखालून उचलला, लुइझियानाला नेला, गुन्हा कुठलाच नाही, फक्त हे परराष्ट्र धोरणाचं कलम. मुलगा जन्मला तेव्हा बाप आत. १०४ दिवसांनी, जूनमध्ये, न्यू जर्सीच्या फेडरल जजच्या आदेशाने सुटला. पण गंमत इथे आहे, आणि आत्याला मी हे दोनदा सांगितलं: अटकेनंतर थोड्याच दिवसांत सरकारने दुसरा मुद्दा जोडला, याने ग्रीन कार्डच्या फॉर्ममध्ये आधीची कामं आणि संस्था लिहिल्या नाहीत. आणि सप्टेंबरमध्ये इमिग्रेशन जजने काढायचा जो आदेश दिला तो या फॉर्मच्या मुद्द्यावर. भाषण राहिलं बाजूला.

त्याच महिन्याच्या शेवटी बॉस्टनमध्ये विल्यम यंग या फेडरल जजने दीडशेच्या वर पानांचा निकाल दिला, अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्या परक्यांना सिटिझनइतकंच भाषणस्वातंत्र्य आहे आणि आंदोलनावरून निवडून निवडून लोक उचलणं घटनाबाह्य आहे. निकालाच्या सुरुवातीलाच त्यांनी स्वतःला आलेलं एक निनावी पोस्टकार्ड छापलंय, ट्रम्पकडे माफीनामे आणि रणगाडे आहेत, तुमच्याकडे काय आहे, असं त्यात विचारलंय, आणि मग पूर्ण निकाल म्हणजे त्या कार्डाला उत्तर. रिपब्लिकन अध्यक्ष रेगनने नेमलेला जज आहे हा, डावाबिवा नाही.

मग ओंकारचं काय? नुसतं बोर्ड धरून उभं राहणं हा गुन्हा नाही. पण त्याच्या बाबतीत धोका सरळ भाषणातून येत नाही, वळसा घालून येतो. बिल्डिंगमध्ये घुसून बसले, ट्रेसपासमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय घुसल्याबद्दल, अटक झाली, पुढे केस काढूनही टाकली, तरी अटकेची नोंद व्हिसा ऑफिसला दिसते. कॉलेजने सस्पेंड केलं, तर शिक्षणच थांबलं म्हणून स्टुडंट स्टेटस संपलं, आता यात इमिग्रेशनवाल्यांनी बोटही हलवलेलं नाही. आणि जून २०२५ पासून स्टुडंट व्हिसा मागताना सोशल मीडिया प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात, म्हणजे सुट्टीत घरी आला आणि पासपोर्टवर नवीन व्हिसा लागला तर हा फोटो कुणीतरी बघणार. बघून काय ठरवणार ते तो ऑफिसर आणि त्याचा मूड.

"म्हणजे काढून टाकायला सांगू ना?" आत्या. मी म्हटलं, मी नाही सांगणार, तो चोवीस वर्षांचा आहे, त्याला हे सगळं कळू दे आणि मग त्याला काय करायचंय ते करू दे.

आता समीर आणि रिया. सिटिझनला डिपोर्ट करता येत नाही. मोर्चा, चोरी, खून, काहीही केलं तरी अमेरिकेच्याच तुरुंगात टाकतील पण देशाबाहेर काढता येत नाही. १९४४ मध्ये कासाब्लांकात एक अमेरिकन सैनिक छावणीच्या जेलमधून पळाला, दुसऱ्याच दिवशी स्वतःहून परत येत होता, तरी त्यावेळच्या कायद्याने त्याचं नागरिकत्व गेलं, आणि त्याला हे कळलं कधी तर आठ वर्षांनी पासपोर्ट मागायला गेला तेव्हा. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, शिक्षा म्हणून नागरिकत्व काढणं ही क्रूर शिक्षा आहे, चालणार नाही. मग १९६७ मध्ये आफ्रोयिम नावाच्या पोलंडमध्ये जन्मलेल्या चित्रकाराच्या केसमध्ये, याने इस्रायलच्या निवडणुकीत मत दिलं होतं, ५ विरुद्ध ४ ने ठरलं की माणसाने स्वतः सोडल्याशिवाय सरकार नागरिकत्व काढून घेऊ शकत नाही. एका मताने.

हे कागदावर. प्रत्यक्षात चुका होतात. २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेल्या, मानसिक आजार असलेल्या एका अमेरिकन माणसाला मेक्सिकोत सोडून दिलं, स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, महिनोन् महिने मध्य अमेरिकेत भटकत होता. कागद जवळ नसलेला सिटिझन आणि सिटिझन नसलेला यांच्यात त्या क्षणी त्या ऑफिसरला काही फरक दिसत नाही.

समीरच्या खरेदीखताचं मी वर बोललो. शपथ घेतल्यानंतर त्याने काहीही गुन्हा केला तरी त्यावरून त्याचं नागरिकत्व काढता येत नाही. शपथेच्या आधी केलेला गुन्हा लपवला असेल, किंवा फॉर्ममध्ये खोटं लिहिलं असेल, तर काढता येतं, आणि त्याला मुदतही नाही, वीस वर्षांनीही दावा लावतात. शपथेनंतर पाच वर्षांच्या आत कम्युनिस्ट किंवा दहशतवादी संघटनेत गेलात तर ते तुम्ही शपथ खोटी घेतल्याचं लक्षण धरतात, ही एक वेगळी वाट. १९९० ते २०१७ मध्ये अशा केसेस वर्षाला सरासरी ११ च असायच्या. जानेवारी २०१८ मध्ये न्यू जर्सीतल्या एका मूळच्या भारतीयाचं नागरिकत्व गेलं, १९९१ मध्ये एका नावाने आला, काढायचा आदेश झाला, मग थोड्याच काळाने दुसऱ्या नावाने आश्रय मागितला, लग्न केलं, २००६ मध्ये सिटिझन झाला, आणि जुने बोटांचे ठसे कॉम्प्युटरवर चढवल्यावर दोन नावं एकाच माणसाची निघाली. जून २०२५ मध्ये न्याय खात्याने आपल्या वकिलांना लेखी सांगितलं की अशा केसेस आता जोरात लावा.

पण कुठलं खोटं? इथे माझी आवडती गोष्ट. सिटिझनशिपच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, तुम्ही कधीही असा गुन्हा केलाय का ज्यासाठी तुम्हाला अटक झाली नाही? मी स्वतः तो फॉर्म एका मित्रासाठी भरताना या प्रश्नावर अर्धा तास अडलो होतो, कारण याचं प्रामाणिक उत्तर "नाही" असं कुणालाच देता येणार नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात सुनावणी चालू असताना चीफ जस्टिस रॉबर्ट्स यांनीच सरकारी वकिलाला विचारलं, मी एकदा ५५ च्या लिमिटमध्ये ६० ने गाडी चालवली होती आणि पकडलो गेलो नाही, हे लिहिलं नाही तर वीस वर्षांनी माझं नागरिकत्व काढाल? सरकारी वकिलाला सरळ नाही म्हणता येईना. निकाल नऊच्या नऊ जजांनी सरकारविरुद्ध दिला: ज्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्याशी काही संबंधच नव्हता त्यावरून ते काढता येणार नाही.

समीरला अजून एक काळजी हवी. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारताचं आपोआप गेलं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच. ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे, नुसता आयुष्यभराचा व्हिसा, आणि ऑगस्ट २०२५ च्या नोटिफिकेशनने तेही दोन वर्षं शिक्षा झाली किंवा सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात नुसतं चार्जशीट झालं तरी रद्द होऊ शकतं. म्हणजे तिकडचं काढलं तर इकडे उभं राहायला जागा नाही. काकांनी पेपर खाली ठेवला तो इथे.

आणि मग ते जे म्हणाले ते योग्यच होतं. "हे सगळं अमेरिकेचं झालं. आपण काय करतो?"

आपण फार वेगळं काही करत नाही. आपल्या घटनेचं कलम १९, भाषण आणि सभा, ते सर्व नागरिकांना आहे. कलम २१, जीव आणि स्वातंत्र्य, ते कोणत्याही व्यक्तीला. या एका शब्दाच्या फरकावर इथल्या परदेशी माणसाचं सगळं उभं आहे. सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्येच सांगून टाकलं, परदेशी माणसाला काढायचा सरकारचा अधिकार पूर्ण आणि अमर्याद आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याच्या विरोधातल्या मोर्चात गेला म्हणून आयआयटी मद्रासच्या जर्मन विद्यार्थ्याला जायला सांगितलं, तो गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये जादवपूरच्या पोलिश विद्यार्थ्याला तशीच नोटीस आली, तो मात्र कोलकाता हायकोर्टात गेला आणि महिन्याभरात नोटीस रद्द करून घेतली. अशा निकालाचं कौतुक अमेरिकेतल्या जजचं करतो तितकं आपण इथे करत नाही.

आणि नागरिकांना चुकून काढणं, तेही आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काम करणाऱ्या पश्चिम बंगालमधल्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं आणि नंतर परत आणावं लागलं. दिल्लीहून बीरभूमच्या एका गरोदर बाईला असंच पाठवलं, ती डिसेंबरमध्ये कोर्टकचेऱ्या होऊन परत आली. हे लोक काही बोर्ड धरून उभे नव्हते, बंगाली बोलत होते आणि कागद गावाला होते.

एवढं झाल्यावर जिन्यावरून वरच्या मजल्यावरचा यासिर खाली आला, सुदानचा आहे, बीबीए करतो, आत्याने दोन महिन्यांपूर्वी वरची खोली दिलीये, त्याला ती पोह्यांची प्लेट देते आणि तो तिला आंटी म्हणतो. माझ्या डोक्यात एकदम आलं.

"आत्या, याचा फॉर्म सी भरलास का?"

"कसला सी?"

फॉर्म सी हे जुनं नाव, २०२५ च्या नियमांत ते बदललं, पण काम तेच. परदेशी माणूस घरी राहायला आला की चोवीस तासांत घरमालकाने ऑनलाइन कळवायचं असतं, न कळवलं तर मालकही अडकतो आणि याच्या रजिस्ट्रेशनमध्येही खोट निघते. आत्याला वाटलं होतं पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती दिली की झालं, आणि तीही दिलेली नव्हती. काकांनी लॅपटॉप आणला, साइटने आधी आत्याचं अकाउंट काढायला लावलं, मग पत्ता, मग फोटो, ओटीपी दोनदा आलाच नाही. यासिर वरून पासपोर्ट घेऊन आला, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, त्यावर रबरबँड. आगमनाची तारीख लिहायच्या रकान्यापाशी आत्या थांबली आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "कालची टाकू का?"

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि दोन महिन्यांपूर्वीची खरी तारीख टाकली.